ताकाला जाणाऱ्याचं गाडगं

आमच्या ओट्यावर गेल्या तीन आठवड्यांपासून एक स्टीलचा डबा पडून आहे. मागच्या घरातल्या आजींचा. त्यातून त्यांनी येसर, म्हणजे आमटीसाठीचं भाजकं पीठ, पाठवलं होतं. ते संपलं, डबा घासून पुसून ठेवला, आणि तिथंच गाडं अडलं. रिकामा डबा परत कसा द्यायचा? बायको म्हणते, "घरात काहीतरी होऊ द्या, मग देऊ." ते काहीतरी काही होईना. आम्ही दोघंही नोकरीवाले, पोरगा पुण्यात. तळण-वाळण होतं ते दिवाळीपुरतं. मी एकदा म्हणून पाहिलं, बिस्किटाचा पुडा टाकू त्यात. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी पुडा फोडून चहाबरोबर खाऊन टाकला.

माझं लहानपण औसा तालुक्यातल्या एका गावात गेलं. घरी एक म्हैस होती. आई दिवसाआड पहाटे ताक घुसळायची, आणि सात-आठच्या सुमारास दारात एकेक जण यायला लागायचं. कुणाकडं तांब्या, कुणाकडं गाडगं, कुणाकडं डालड्याचा रिकामा डबा. गावात दूध विकलं जायचं. ताक विकलेलं मी पाहिलं नाही. ज्याच्याकडं दुभतं असेल त्यानं ताक द्यायचं, एवढा साधा हिशेब. त्या ताकावर किती घरांची दुपारची भाकरी निघायची, हे मला फार उशिरा कळलं.

'ताकाला जाऊन गाडगं लपवणं' ही म्हण शाळेत शिकलो तेव्हा गुरुजींनी अर्थ सांगितला: मनातलं सरळ न सांगणं, आडपडदा ठेवणं. परीक्षेत तेवढंच लिहिलं, मार्क मिळाले. पण गाडगं लपवणाऱ्या बाया मी नेहमी बघत होतो. पदराखाली धरायच्या, दारातून आत यायच्या, उंबऱ्यापाशी टेकायच्या आणि पावसापाण्याचं काढायच्या. म्हण करणारा बहुधा ताकवाल्या घरातला असावा. गाडगं आणलेलं त्याला दिसलं. लपवावं का लागलं, हे त्याला कुणी सांगितलं नसेल.

यावर आईची एक युक्ती होती. बाई आत आली की आई तिलाच काम सांगायची. "बरं झालं आलीस माय, माझ्या वाती वळायच्या राहिल्यात." नाहीतर, "एवढं पोरगं धर गं, मी न्हाणीत पाणी ओतून येते." (ते पोरगं म्हणजे माझा धाकटा भाऊ. गावातल्या निम्म्या बायांच्या कडेवर तो असा वाढला.) बाई वाती वळायची, भाऊ खेळवायची आणि मग उठता उठता आई म्हणायची, "अगं, ताक केलंय, घेऊन जा थोडं, नाहीतर आंबून जाईल." तेव्हा ते गाडगं पदराखालून बाहेर यायचं. कुणी काही मागितलेलं नसायचं. मला वाटायचं, आईला खरंच कामाला माणूस लागतंय आणि ताक खरंच आंबून जातंय.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वेशीजवळ एक मावशी राहायच्या. मालक ऊसतोडीला कारखान्याच्या फडावर गेलेले, घरात ह्या आणि दोन लेकरं. त्यांना बरं नव्हतं म्हणून आईनं माझ्या हाती तांब्याभर ताक पाठवलं. मावशींनी ते आपल्या भांड्यात ओतून घेतलं, तांब्या विसळला आणि इकडंतिकडं पाहू लागल्या. रिकामा तांब्या परत द्यायचा नसतो हे मलाही माहीत होतं. पण घरात द्यायला काही नाही हेही मला दिसत होतं. मला त्यांची दया आली. "असू द्या मावशी," म्हणालो आणि तांब्या हातातून घेऊन पळतच सुटलो. मनात फार बरं वाटत होतं. आपण काहीतरी शहाणपणाचं केलंय असं.

आईनं तांब्यात डोकावून पाहिलं. "काही दिलं न्हाई त्यांनी?"

मी फुशारकीनं सगळं सांगितलं.

"जा. तांब्या परत देऊन ये त्यांना. त्या देतील तवा घेऊन ये."

"पण त्यांच्याकडं काही न्हाईच की."

"ते त्यांना ठरवू दे. तू कोण रे ठरवणारा?"

मी रडवेला होऊन परत गेलो. मावशी दारातच उभ्या होत्या. काही न बोलता त्यांनी तांब्या घेतला, घराच्या मागं गेल्या. न्हाणीच्या सांडपाण्यावर त्यांच्याकडं अळू माजलेलं होतं. त्यांनी चार पानं खुडली, देठ मोडून गुंडाळली आणि तांब्याच्या तोंडात खोवून दिली. "आईला सांग, गरगट कर म्हणावं. खाजत न्हाई हे." त्या दिवशी आमच्याकडं अळूचं गरगट झालं. चार पानांत सहा माणसांचं काय होणार, आईनं त्यात चुका आणि डाळ घालून वाढवलं, आणि संध्याकाळी मावशींची थोरली पोरगी काहीतरी घेऊन आली तेव्हा तिच्यासमोर दोनदा म्हणाली, "लई ग्वाड झालं होतं बग."

आता हे सगळं सांगताना गाव फार गोड वाटायला लागतं, म्हणून पुढचंही सांगितलं पाहिजे. गावात काही घरं अशी होती की त्यांच्या भांड्यात आईही ताक वरून ओतायची. हात आणि गाडगं यांच्यात वीतभर अंतर. त्या बायांना उंबऱ्यापाशी टेकायला कुणी सांगत नव्हतं, वाती वळायला देत नव्हतं, भावाला त्यांच्या कडेवर देत नव्हतं. त्यांच्या घरची अळूची पानं आमच्या तांब्यात कधी आली नाहीत, कारण आमचा तांब्या त्यांच्या घरी कधी गेलाच नाही. ताक मात्र तेवढंच दिलं जायचं, कदाचित वाटीभर जास्तच. म्हातारपणी आईला मी एकदा हे विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तसंच होतं तवा." पुढं काही बोलली नाही. मीही टोकलं नाही.

पैठणच्या नाथांच्या गोष्टी आम्ही कीर्तनातून ऐकत आलो. काशीहून रामेश्वराला न्यायच्या कावडीतली गंगा त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्यांना वाढला, ह्या गोष्टी लेकराबाळांना पाठ असतात. पण गावकुसाबाहेर राहणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या एका भक्ताचं आवतण घेऊन नाथ त्याच्या घरी जेवायला गेले, ही आख्यायिका सांगताना कीर्तनकाराचा आवाज जरा उतरतो, असं माझं निरीक्षण आहे. वाढणारे नाथ आपल्याला झेपतात. दुसऱ्याच्या घरी पाट मांडून जेवणारे नाथ पैठणच्या ब्रह्मवृंदाला झेपले नव्हते, आणि आमच्या गावालाही झेपले नसते.

बहात्तरच्या दुष्काळाचं वडील सांगायचे. स्वतःचं वावर असलेली माणसंसुद्धा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसली होती. त्यात आमचे आजोबाही होते. खायला मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, आणि सुकडी, म्हणजे वाटपातलं गोड पीठ. मिलोच्या तांबड्या भाकरीला वडील मरेपर्यंत नावं ठेवत राहिले. पण खडीच्या ढिगाबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. "ढीग मोजून पैसे द्यायचे," एवढंच म्हणायचे, आणि त्यातला 'मोजून' हा शब्द ते ठासून म्हणायचे. पुढं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, मागेल त्याला काम हा कायद्यानं हक्क ठरला. आजोबांना कायद्याचं काही ठाऊक नव्हतं. आपण हात पसरला नाही, घण उचलला, एवढं त्यांना पुरत होतं.

मी लातूरला कॉलेजात असताना भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती बुडवून गावं झोपली होती. आमच्याकडच्या माळवदाच्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, हात-दोन हात रुंद. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच भिंती माणसांवर आल्या. बावन्न गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. आम्ही पोरं एका ट्रकमधून भाकरीचे गठ्ठे घेऊन किल्लारीकडच्या एका गावात गेलो. लातूरच्या गल्ल्यागल्ल्यांतून गोळा केलेल्या भाकरी, कागदात बांधलेली चटणी.

तिथलं सगळं सांगत नाही. एकच सांगतो. पडलेल्या माळवदाच्या ढिगाऱ्यापाशी एक पन्नाशीचा माणूस बसला होता. आम्ही पुडकं पुढं केलं. त्यानं घेतलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कुठून आलाव?" लातूरहून, म्हणालो. "बसा." तीन दगडांवर त्यानं एक पातेलं ठेवलं होतं. त्यात चहा होता, बिनदुधाचा. कप नव्हते. एका पेल्यात ओतून त्यानं तो आमच्यापुढं धरला. मी मागं सरलो. ह्या माणसाचा चहा कसा घ्यायचा? आमच्याबरोबर एक वयस्कर हमाल होते, मार्केट यार्डातले, ट्रक भरायला आले आणि तसेच चढून आलेले. ते खाली बसले, दोन घोट घेतले, पेला माझ्याकडं दिला. "पी लेका," एवढंच म्हणाले. मी प्यायलो. तो माणूस आम्हाला विचारत राहिला, गाव कोणतं, वडील काय करतात, पाऊस कसा आहे तिकडं. चहा संपेपर्यंत तो यजमान होता आणि आम्ही पाहुणे. मग त्यानं पुडकं सोडलं.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. आईनं एकदा शिकवलं होतं, किल्लारीत एकदा बघितलं होतं. तरीही २०१६ साली मी जे केलं ते केलंच.

त्या वर्षीचा लातूरचा उन्हाळा कुणी विसरेल असं वाटत नाही. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळ बंद, पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून कलम १४४ लावलेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अख्ख्या देशातले कॅमेरे स्टेशनवर. आमच्या गल्लीत तेव्हा फक्त माझ्या बोअरला पाणी होतं. तेही बोटाएवढ्या धारेचं, तासभर चालायचं आणि गचके द्यायला लागायचं. मी गल्लीला पाणी देत होतो. शिस्तीत देत होतो. गेटच्या भिंतीवर खडूनं घरांची यादी, प्रत्येकी चार घागरी, दिल्या की रेघ. रोज सकाळी सहाला मी बनियनवर खुर्ची टाकून बसायचो. एका स्थानिक कार्यकर्त्यानं येऊन माझा फोटोही काढला. खोटं कशाला बोलू, तो फोटो मी कितीतरी जणांना पाठवला. (त्याच कार्यकर्त्यानं चौकात पाणपोई घातली होती. दोन रांजण आणि त्यांच्यावर रांजणांना सावली देईल एवढं मोठं बॅनर. उन्हाळाभर बॅनर उभं होतं. रांजणांचं सांगता येत नाही.)

मागच्या घरातल्या आजी रोज दोन घागरी न्यायच्या. चार नको म्हणायच्या, एकटीला किती लागतं. पहिल्या दिवशी येताना त्यांनी एका ताटलीत पापड आणले, ज्वारीचे. दुसऱ्या दिवशी चार कुरडया. तिसऱ्या दिवशी परत काहीतरी रुमालात बांधून आणलं तेव्हा मी गेटवरच, चारचौघांत, मोठ्यानं म्हणालो, "आजी, हे कशाला आणता रोज? मी काय पाण्याचे पैसे घेतो का? न्या ते परत. पाणी फुकट आहे." सगळे हसले. चांगल्या मनानं हसले. आजीही हसल्या. रुमाल कमरेला खोचला, घागर भरली, गेल्या.

चौथ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

मला आठवडाभर लक्षातही आलं नाही. भिंतीवर त्यांच्या नावापुढं रेघा नाहीत हे दिसलं, तेव्हा वाटलं लेकीकडं गेल्या असतील. मग बायकोनं सांगितलं. तीन गल्ल्या पलीकडं रात्री दोनला टँकर यायचा. सत्तरीच्या आजी रात्री घागर घेऊन तिथं रांगेत उभ्या राहत होत्या. मी म्हणालो, "पण का? इथं पाणी आहे की." बायको म्हणाली, "पापड घ्यायला काय झालं होतं?"

मी दुसऱ्या दिवशी पोराबरोबर दोन घागरी त्यांच्या दारात पाठवल्या. "भरलंय रे बाळा आमचं," म्हणून त्यांनी परत पाठवल्या. आवाजात राग नव्हता असं पोरगा म्हणाला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

माफी मागायला गेलो नाही. कशाची मागायची? पाणी फुकट दिलं ह्याची? चार शब्दांत सांगता येईल असा तो गुन्हाच नव्हता. खडूची यादी मात्र मी पुसली. नळी गेटबाहेर सोडून दिली, ज्यानं त्यानं आपलं भरून घ्यावं. भांडणं होतील असं वाटलं होतं. एकदाच झालं, तेही नळी कुणी आधी गुंडाळायची यावरून.

पावसाळ्याच्या शेवटी पाऊस धो धो पडला, मांजरा भरलं, आणि दुष्काळाचं बोलणं बंद झालं. आजींशी येता-जाता बोलणं व्हायचं, पण त्यांच्या घरून काही येत नव्हतं आणि आमच्याकडून गेलेलं "आत्ताच केलंय की मीही" असं म्हणून तसंच परत यायचं.

मग येळवस आली. लातूर-धाराशिव पट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे वेळा अमावास्या, आमच्या तोंडी येळवस. त्या दिवशी शहर ओस पडतं. जिल्ह्याला सुट्टी, बाजारपेठ बंद, गंजगोलाईच्या भर बाजारात कुत्रंसुद्धा दिसत नाही, कारण सगळी माणसं वावरात. ज्याचं वावर आहे तो जातो, आणि ज्याचं नाही त्याला कुणीतरी घेऊन जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत चुन्यानं रंगवलेल्या दगडांचे पांडव मांडतात. मडक्यातून आंबील नेतात, ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबवलेली. भज्जी, म्हणजे हरभरा, वाटाणा, तूर, मेथी, पातीचा कांदा, रानात हिरवं जे जे असेल त्या सगळ्याचा एकत्र लगदा. फोटोत अजिबात बरा दिसत नाही, आणि दोन ताटं खाल्ल्याशिवाय उठवत नाही. बाजरीचे उंडे, खिचडा, खीर. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूसही हाक मारून बोलावतात. "या की, आंबील घ्यायला!" त्या दिवशी कुणी कुणाला कोण म्हणून विचारत नाही.

आमचं गावाकडचं वावर विकलं गेलंय. येळवशीला आम्ही बिनवावराचे. आदल्या संध्याकाळी गेटची कडी वाजली. आजी होत्या. "उद्या कुठं जाणार हाव?" कुठंच नाही, म्हणालो. "माझ्या भावाच्या लेकाचं वावर हाय मुरूडच्या रोडला. समदे या. उशीर करू नका, भज्जी गरम असती तवाच."

मी जाताना अर्धा किलो पेढे घेतले. वाटेत सारखं मनात येत होतं, आता ह्या म्हणतील, "हे कशाला आणलं?" आणि मग काय करायचं? मला ते वाक्य पाठ होतं, मीच म्हटलेलं होतं.

कोपीपाशी पंचवीस-तीस माणसं. त्यातली अर्धी तरी आमच्यासारखी, वावर नसलेली. आजी खाली बसून उंडे वाढत होत्या. मी पुडा पुढं केला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, दोरा तिथंच तोडला, पहिले पाच पेढे पांडवांपुढं ठेवले आणि उरलेला पुडा पंगतीतून फिरवला. "आमच्या शेजाऱ्यानं आणलेत," असं प्रत्येकाला सांगत. मग माझ्या ताटात भज्जी घातली. मी पुरे म्हणालो. त्यांनी अजून घातली. मी परत पुरे म्हणालो नाही.

नांदेडला गुरुद्वाऱ्यात जाणं होतं कधी कधी. श्री गुरु गोबिंदसिंगजींनी १७०८ मध्ये जिथं देह ठेवला ते तख्त. लंगरमध्ये ओंजळ पुढं करून परशादा, म्हणजे रोटी, घ्यावी लागते, कलेक्टर असो की गाडीवाला, सगळ्यांची ओंजळ सारखीच. पण मला आवडते ती त्यापुढची गोष्ट. जेवून झाल्यावर वाटलं तर बाहेर ताटं घासायला बसता येतं. कुणी बसा म्हणत नाही, कुणी नको म्हणत नाही. मागच्या वेळी माझ्या शेजारी एक जण घासत होता, कपड्यांवरून वाटत होतं दिवसभरातलं पहिलं जेवण तो इथंच जेवला असावा. माझी ताटं नीट निघत नव्हती. त्यानं माझ्या हातातलं एक ताट काढून घेतलं, परत घासलं आणि म्हणाला, "राख जरा जास्त घ्या, साहेब."

येळवशीला संध्याकाळी हेंडगा, म्हणजे मशालीसारखी पेंढी, पेटवून पोरं वावराभोवती पळतात. आमचं पोरगं तेव्हा नववीत होतं, त्याला तो धूर आणि ती पळापळ कधी संपूच नये असं झालं होतं. अंधार पडल्यावर निघालो तेव्हा आजींनी उरलेली भज्जी एका स्टीलच्या डब्यात भरून दिली. तोच हा डबा.

तेव्हापासून तो दोन घरांत ये-जा करतो आहे. येसर येतं, शेवया येतात, हरभऱ्याची भाजी येते. आमच्याकडून कधी गुलाबजाम जातात, कधी पुण्याहून पोरानं आणलेली बाकरवडी. एकदा बायको आजारी होती तेव्हा मी त्यात नुसते लिंबू घालून पाठवले, परसातल्या झाडाचे, सात. आजींनी त्याचं लोणचं घालून त्यातलं निम्मं परत पाठवलं.

आज सकाळी डबा हातात घेऊन बघत बसलो होतो, ह्यात घालायचं तरी काय. भांड्यावर नाव कोरलेलं असतं, लग्नातली भांडी. डब्यावर आजींच्या मालकांचं नाव, साल १९६८. झाकणावर माझ्या आईचं. झाकण आमच्या जुन्या डब्याचं कधीतरी ह्याला लागलं असावं, आणि ह्याचं झाकण कुठंतरी आमच्या मांडणीवर असेल. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "राहू द्या, घट्ट बसतंय." मग पिशवी काढून दिली. रयतू बाजारात ओले हरभरे आलेत म्हणे.